केसरोपणानंतरचे दिवस : खपली केव्हा निघावी, केस का गळतात?

वधू-वर परिचय मेळाव्याचे फॉर्म भरून घेण्याचे काम आम्ही पनवेल परिसरात गेली काही वर्षे करीत आहोत. फॉर्मात शिक्षण, नोकरी, पगार, उंची, वर्ण असे रकाने असतात. केसांचा रकाना नसतो. परंतु सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा जेव्हा टोपी घातलेला, नाही तर चार वर्षांपूर्वीचा फोटो जोडायला देतो, तेव्हा त्याने धसका कशाचा घेतला आहे ते न सांगताच कळते. मुलीकडची मंडळीही काही कमी नसतात. "मुलगा चांगला आहे हो, पण वयस्कर दिसतो," एवढेच म्हणून फॉर्म परत ठेवून देतात.

त्यामुळे हेअर ट्रान्सप्लांट, म्हणजे केसरोपण, ही आता फक्त सिनेमातल्या नटांची किंवा पैसेवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही. तळोज्याच्या कारखान्यातला कामगार, कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकुनी करणारा, रिक्षा चालविणारा, कुरिअरची पाकिटे वाटणारा, असे आपल्यातले तरुण हप्त्यावर ते करून घेऊ लागले आहेत. केस लावून घ्यावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आमच्या मते टक्कल हा आजार नव्हे आणि दोष तर मुळीच नव्हे. पण ज्याने पतपेढीचे कर्ज काढून हे केले, त्याचे पैसे नंतरच्या पंधरा दिवसांत घरच्या घरी वाया जाऊ नयेत, म्हणून हा लेख आहे. शस्त्रक्रिया एका दिवसात उरकते. पुढचे सगळे घरात, आईच्या, बायकोच्या, वहिनीच्या देखरेखीखाली व्हायचे असते, आणि नेमके त्यांनाच कोणी काही समजावून सांगत नाही.

तळोज्यात कंत्राटी कामावर असलेल्या एका तरुणाचे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरचे आहे. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्याला असह्य खाज सुटली. आईने मायेने तेल कोमट केले, डोक्याला लावले आणि फणीने हळूहळू सगळ्या खपल्या काढून टाकल्या. टॉवेलवर रक्ताचे ठिपके पडले तेव्हा ती घाबरली. "भाऊ, नुसत्या खपल्याच खपल्या होत्या हो. म्हटलं मऊ करून काढून टाकू, पोराला झोप तरी लागेल," असे ती माउली आम्हाला सांगत होती. त्या केंद्राने सूचनांचा कागद दिला होता, नाही असे नाही. तो इंग्रजीत होता, बारीक अक्षरांत, आणि मुलाने तो बिलाबरोबर पिशवीत ठेवून दिला होता. आज वर्ष उलटले तरी त्याच्या कपाळाच्या वरच्या भागात विरळ पट्टा तसाच आहे.

मूळ वेगळे आणि केस वेगळा

खपली आणि गळती या दोन्ही गोष्टी समजायच्या तर एक भेद मनात पक्का करावा लागतो. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव धागा आहे. जिवंत असते ते त्वचेच्या आतले मूळ. श्रामणेर शिबिरात मुंडन केलेल्या डोक्यावर महिन्याभरात पुन्हा काळे खुंट दिसू लागतात, कारण वस्तरा त्या मुळापर्यंत पोचतच नाही.

केसरोपणात डोक्याच्या मागच्या भागातून अशी मुळे आजूबाजूच्या चिमूटभर मांसासकट काढतात आणि पुढच्या टकलावर बारीक चिरा पाडून त्यांत बसवितात. अशा एका रोपाला ग्राफ्ट म्हणतात. एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असतात. जपानमध्ये डॉ. ओकुडा यांनी व्रणांमुळे केस गेलेल्या जागी केस लावण्याचे काम १९३९ साली प्रसिद्ध केले. पुरुषांच्या टकलावर हा प्रयोग न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५२ साली केला. मागच्या भागातले केस पुढे लावले तरी ते आपला मूळचा टिकाऊ गुण सोडत नाहीत, असे त्यांना दिसून आले. आजचा सगळा धंदा या एका निरीक्षणावर उभा आहे.

रोपे लावल्यावर शेतकरी जसे पहिले काही दिवस शेतात पाय ठेवू देत नाही, तसेच येथे आहे. ग्राफ्टला टाके घातलेले नसतात. चिरेत तो नुसता रुतून बसलेला असतो. भोवतीचे रक्त व लस सुकून त्याच्यावर खपली धरते. पहिल्या दिवसांत ही खपली आणि ग्राफ्ट एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणून खपली ओढली की तिच्याबरोबर मूळही बाहेर येते आणि एकदा बाहेर आलेले मूळ परत बसविता येत नाही.

अमेरिकेतील डॉ. बर्नस्टाइन व डॉ. रासमन यांनी हीच गोष्ट मुद्दाम तपासून पाहिली आणि २००६ साली प्रसिद्ध केली. पहिल्या दोन दिवसांत नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघून आला. पुढे हा धोका कमी होत गेला आणि सहाव्या दिवसापासून केस ओढून ग्राफ्ट येईनासा झाला. चिकटलेली खपली ओढली तर मात्र पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट जातच होता आणि आठव्या दिवसापर्यंत थोडा धोका शिल्लक होता. नवव्या दिवसापासून ग्राफ्ट पक्का बसलेला आढळला. वर सांगितलेल्या मुलाच्या आईने तेल-फणी घेतली तो पाचवा दिवस होता. आणखी पाच दिवस थांबली असती तर तीच खपली तिच्या हाताने सुखरूप निघाली असती.

खपलीचे दहा दिवस

डोके केव्हापासून धुवायचे हे ज्याने शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांनीच सांगायचे. कोणी दुसऱ्या दिवशी, कोणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगतात. त्यांच्या कागदात जे असेल ते आमच्या लेखापेक्षा वरचे मानावे. कागद इंग्रजीत असेल तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून वाचून घ्यावा आणि त्यातले दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

सर्वसाधारण रीत अशी आहे. सौम्य शाम्पू तळहातावर घेऊन त्याचा आधी फेस करायचा आणि तो फेस नुसता डोक्यावर ठेवायचा. चोळायचे नाही. काही मिनिटांनी मगाने, अगदी जवळून, कोमट पाण्याची धार सोडायची. शॉवर किंवा नळाखाली डोके धरायचे नाही, कारण त्या पाण्याचा मार असतो. आपल्याकडे पाण्याचा भरवसा नसतो. टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल तर पहिले आठ-दहा दिवस डोक्यापुरते पाणी उकळून गार केलेले घ्यावे. तेवढे एक पातेलेभर पुरते. पुसताना टॉवेल घासायचा नाही. लावलेल्या जागेला स्वच्छ मऊ कपडा फार तर अलगद टेकवावा, किंवा डोके आपोआप सुकू द्यावे.

आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टर खपल्या काढायला सांगतात. तेव्हा फेस आठ-दहा मिनिटे डोक्यावर मुरू द्यावा, खपल्या भिजून फुगतात. मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, गोल गोल हलके फिरवावे. जी सुटेल ती सुटू द्यावी. जी सुटणार नाही ती उद्यासाठी ठेवावी. एकाच दिवशी सगळे डोके लख्ख करण्याची हौस नको. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक खपल्या निघून जातात.

याच्या उलटही लोक करतात. रोपे हलतील या भीतीने वीस-वीस दिवस डोक्याला पाणी लावत नाहीत. पनवेलच्या दमट हवेत, त्यातून पावसाळा असेल तर, त्या जाड थराखाली घाम साचतो, वास येतो, पू धरतो. हेही नुकसानच. खपली वेळेआधी काढायची नाही तशीच वेळेनंतर बाळगायचीही नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी निघालेल्या खपलीत केस अडकलेला दिसला तर धसका घेऊ नये. तो नुसता धागा आहे, मूळ आत राहिले आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. ग्राफ्ट निघाला तर त्या जागी ताजे रक्त येते आणि केसाच्या टोकाला ओलसर मांसाचा कण दिसतो. असे पहिल्या आठवड्यात कधी झालेच तर स्वच्छ कापूस किंवा गॉज थोडा वेळ हलक्या हाताने दाबून धरावा आणि डॉक्टरांना कळवावे. हळद, चुना, कॉफीची पूड, कोरफड यांपैकी काहीही त्यावर टाकू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर व डोळ्यांच्या पापण्यांवर सूज उतरते. घरातल्या बायका ही सूज पाहून हमखास रडू लागतात. ती बहुधा चार-पाच दिवसांत आपोआप जाते. पहिल्या काही रात्री दोन-तीन उशा घेऊन, डोके उंच ठेवून, उताणे झोपल्यास सूज कमी येते.

आमच्या वस्त्यांतील काही धोके डॉक्टरांच्या कागदात कधीच नसतात, म्हणून येथे लिहितो. बैठ्या घरांचे दार ठेंगणे असते, पोटमाळ्याची फळी डोक्याला लागते. पहिल्या आठवड्यात असा एक ठोका पाच-दहा ग्राफ्ट घेऊन जातो. दाराच्या चौकटीला लाल कापड बांधून ठेवावे. लहान मूल कडेवर घेऊ नये, ते आधी केसच पकडते. डोक्यावरून घालायची बनियन व टी-शर्ट नको, बटणांचा सदरा घालावा. हेल्मेट दहा ते चौदा दिवस घालता येत नाही, म्हणजे तेवढे दिवस मोटारसायकलही चालविता येत नाही. बिनहेल्मेटचे जावे असा याचा अर्थ नव्हे. कारखान्यातल्या कडक टोपीलाही हेच लागू आहे, तेव्हा रजा आधीच सांगून घ्यावी. लोकलने जाणाऱ्यास पनवेलला गाडी सुटते म्हणून सकाळी बसायला जागा मिळेल, पण संध्याकाळी कुर्ल्याहून चढताना कोणाचे कोपर कुठे लागेल सांगता येत नाही. तंबाखू, विडी, मिश्री आणि दारू या काळात जखम भरण्यास सरळ आडव्या येतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आहे ना हे शस्त्रक्रियेच्या आधीच पाहावे.

आणि मग केस गळू लागतात

खपल्या गेल्या, डोके स्वच्छ झाले, लावलेले केस खुंटासारखे दिसू लागले, की घरात आनंद होतो. तो आठ-दहा दिवसच टिकतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून हे केस उशीवर, टॉवेलवर, हाताला येऊ लागतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत त्यांतले बहुतेक गळून जातात आणि डोके पहिल्यासारखे, कधी कधी पहिल्यापेक्षाही विरळ दिसते.

कळंबोलीचा एक रिक्षाचालक आमच्याकडे आला तो याच अवस्थेत. लग्न दीड महिन्यावर आले होते. उशीच्या अभ्र्यावरचे केस त्याने कागदाच्या पुडीत गोळा करून आणले होते. "साहेब, सगळं बुडालं," एवढेच तो म्हणाला. एका दुसऱ्या दुकानदाराने त्याला "पुन्हा करून घ्या, सवलतीत करतो" असे सांगितले होते आणि तो आणखी कर्जाच्या खटपटीला लागला होता. आम्ही त्याच्यासमोर कॅलेंडर ठेवले आणि दिवस मोजले. सव्विसावा दिवस निघाला. पुडीतल्या केसांच्या टोकाला कोरडी, पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढी गाठ होती. हेच आपण मूळ समजतो. वास्तविक ते गळालेल्या केसाचे बूड असते, मूळ त्वचेतच राहते. आम्ही त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी भिंगातून पाहून सांगितले की सर्व ठीक आहे, काही करू नका.

असे का होते? प्रत्येक केसाची वाढीची मुदत दोन ते सात वर्षांची असते. ती संपली की मूळ सुमारे तीन महिने विश्रांती घेते, जुना केस सोडते आणि नवा उगवते. निरोगी माणसाच्या डोक्यावरचे पन्नास ते शंभर केस रोज असेच गळतात. ग्राफ्टला एका जागेहून उचलून, काही तास रक्तपुरवठ्यावाचून ठेवून, दुसऱ्या जागी बसविले जाते. त्या धक्क्याने बहुतेक मुळे एकाच वेळी विश्रांतीत जातात. शेजारचे मूळचे केसही कधी कधी या धक्क्याने गळतात. ते अशक्त झालेले नसतील तर तेही परत येतात.

घराघरांत नेमके उलटे समजले जाते, असे आमचे निरीक्षण आहे. पहिल्या आठवड्यात रक्तासह निघालेल्या खपलीकडे "घाण गेली" म्हणून पाहतात, आणि चौथ्या आठवड्यात कोरड्या गळालेल्या केसासाठी रडतात. कायमचे नुकसान पहिल्यात असते. दुसऱ्यात सहसा काहीच गमावलेले नसते.

रिक्षाचालकाचे लग्न ठरल्या तारखेला झाले, म्हणजे केस आलेले नसतानाच. त्याने होणाऱ्या पत्नीला सगळे आधीच सांगून टाकले होते. ती म्हणाली होती की मी फोटोत टक्कल पाहूनच होकार दिला. चौथ्या महिन्यानंतर त्याच्या डोक्यावर बारीक लव दिसू लागली.

शेगाव तालुक्यातील प्रकार

केस गेले म्हणजे मूळ गेले असे नाही, याचा मोठा दाखला आपल्याच राज्यात मिळाला. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस अचानक, अवघ्या तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. बायका, शाळकरी मुले, कोणी सुटले नाही. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी विषाणू म्हणाले. गावाबाहेरचे लोक या गावांकडे संशयाने पाहू लागले. दिल्लीहून वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. आपल्या रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासणी करून रेशनच्या गव्हात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला. विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले हे तेच डॉक्टर होत. काही आठवड्यांनी त्या गावांतल्या अनेकांना पुन्हा केस येऊ लागले. तेथले कारण आणि केसरोपणानंतरचे कारण एक नव्हे. पण दोन्हीकडे मूळ शाबूत होते म्हणून केस आले. आणि दोन्हीकडे लोकांची भीती आधी धावली, तपासणी मागाहून आली.

डॉक्टर की दुकान?

सगळ्याच गोष्टी धीर धरून सुटत नाहीत. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईतील एका व्यावसायिकाचा केसरोपणानंतर दोन-तीन दिवसांतच मृत्यू झाला. चेहरा सुजणे आणि श्वास घेण्यास त्रास होणे ही त्यांची लक्षणे होती. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. ताप येणे, पू किंवा दुर्गंधी, दिवसागणिक वाढणारी वेदना, लावलेल्या जागेची कातडी काळी पडणे, घसा किंवा जीभ सुजणे, धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास "सूज येतेच" म्हणून घरी बसू नये. केंद्राच्या फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. प्लास्टिक सर्जन, किंवा शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञ यांनीच ती करावी, असा त्यांचा रोख आहे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चिरा कोण पाडणार त्याचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहून मागावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो पडताळून पाहता येतो. विचारल्यावर राग येणाऱ्या डॉक्टरकडे आम्ही तरी आमच्या मुलाला पाठविणार नाही.

वाणिज्य शाखेचे असल्याने हिशेबाचेही सांगतो. उदाहरणादाखल पन्नास हजार रुपये दरमहा तीन टक्क्यांनी काढले तर महिन्याला दीड हजार नुसते व्याज होते. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि केस चौथ्या महिन्यापासून. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मेडिक्लेम देत नाही. बिलावर ग्राफ्टची संख्या लिहून घ्यावी आणि दहाव्या दिवशीची तपासणी त्याच पैशात आहे ना, हे विचारून ठेवावे.

घरात गरोदर स्त्री असेल तर आणखी एक जपावे. मूळचे केस टिकावेत म्हणून पुष्कळदा फिनास्टराइड नावाची गोळी देतात. तुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला गरोदर स्त्रीने हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीत त्यामुळे दोष येऊ शकतो. गोळ्यांचे पाकीट वेगळे ठेवावे.

तेल महिन्याभराने, डॉक्टरांना विचारून. लावलेल्या भागावर वस्तरा किंवा मशीनही निदान महिनाभर नको. श्रामणेर शिबिरास बसायचे असेल तर तारीख त्या हिशेबाने धरावी. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात अधूनमधून पुटकुळ्या येतात, नवा केस कातडी फोडून वर येत असतो. त्या फोडू नयेत, फार झाल्या तर दाखवाव्यात. पहिले केस बारीक, फिकट, कधी कुरळे येतात आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. रोज आरशासमोर उभे राहून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढावा. पुढच्या भागाचे खरे रूप नऊ ते बारा महिन्यांत दिसते. भोवऱ्याकडचा भाग सर्वांत मागाहून भरतो, तेथे दीड वर्षही लागते.